इलेक्ट्रिक गिटारचा सेटअप आणि ‘गणपती झाले की या’

गिटारच्या पहिल्या तीन फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कॉर्ड धरताना बोटं दुखतायत, आणि ट्यूनर सगळं बरोबर दाखवत असूनही एफ कॉर्ड बेसूर लागतोय, असं ज्यांचं होतंय त्यांनी आधी नट बघा, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला स्ट्रिंग ज्या खाचांतून जातात ती पट्टी. ब्रिज, पिकअप, स्ट्रिंगची कंपनी वगैरे सगळं नंतर. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर अख्खा गणपतीचा सीझन गिटारशिवाय गेला नसता.

गिटार म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची (स्ट्रॅट) कॉपी, एका सीनियरकडून घेतलेली, त्याच्याकडे पलंगाखाली पडून होती. स्ट्रिंग गंजलेल्या, व्हॉल्यूम फिरवला की खरखर, जॅक ढिला. ते सगळं पटकन झालं, पुण्यातल्या टपकीर गल्लीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणला, पॉटच्या (नॉबखालचा व्हॉल्यूम कंट्रोल) फटीत मारला, नॉब इकडून तिकडे भरपूर फिरवला आणि जॅकला नवीन सोल्डर. (डब्ल्यूडी-४० मारू नका, ते या कामासाठी नाही, डब्यावर स्पष्ट ‘कॉन्टॅक्ट क्लीनर’ लिहिलेलं बघूनच घ्या.)

राहिला सेटअप, म्हणजे स्ट्रिंगची उंची, नेकचा बाक, सूर वगैरे जुळवून घेणं. पेठेतलं वाद्यांचं एक जुनं दुकान, नाव लिहीत नाही. काका म्हणाले, ठेवून जा, शनिवारी फोन करतो. फोन काही आला नाही. मी गेलो तर गिटार तशीच खुंटीला, आणि खाली दुकानभर ढोल, ताशे, ढोलाला लावायच्या पानांची चळत, पथकाची पोरं दोऱ्या घेऊन उभी. ‘अहो सीझन आहे, गणपती झाले की या.’ बरं, मान्य, पुण्यात श्रावणात ढोलाच्या पुढे गिटारला कोण विचारणार. पण मग घेताना सांगायचं ना! विसर्जन झालं, परत गेलो तर कारागीर गावाला. मग तो आला तर ‘उद्या नक्की’. आत कारागिराशी बोलू का विचारलं तर गिऱ्हाइकाला आत सोडत नाहीत म्हणे.

शेवटी एकदाची मिळाली. ‘ॲक्शन एकदम खाली करून दिलीये, लोण्यासारखी वाजेल.’ (ॲक्शन म्हणजे फ्रेटपासून स्ट्रिंगची उंची.) केलं काय होतं, तर ब्रिजवरच्या सहाही सॅडल (ज्यांवर एकेक स्ट्रिंग टेकते ते तुकडे) स्क्रू फिरवून तळाला नेल्या होत्या. बस. बाराव्या फ्रेटच्या पुढे सगळीकडे बझ (स्ट्रिंग फ्रेटला घासून होणारी झणझण), बारीक स्ट्रिंग ओढून बेंड केल्या की आवाज गळा दाबल्यासारखा बंद, आणि पहिल्या फ्रेटवर मात्र पहिल्याइतकीच कडक. मी म्हणलं, काका, इथे काहीच फरक नाही. तर म्हणाले, ‘अहो वाजवत राहा, बोटं पक्की होतील.’ बोटं पक्की झाल्यावर एफ सुरात येणारे का? यावर उत्तर नाही, पावती मात्र ‘फुल सेटअप’ची.

मला राग याचाच जास्त आला. त्याच दुकानात काचेमागे तंबोरे आहेत, जवारी काढायची (तार टेकते तिथे घोडी घासून सूर खुलवायचा) तर मिरजेच्या कारागिराचा हात लागतो हे त्यांना नीट माहितीये, घोडी जरा इकडची तिकडे घासली गेली तर सूर बिघडतो हे ते गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगतात, आणि गिटारचा नट म्हणजे त्यांच्या लेखी प्लॅस्टिकचा तुकडा.

तर नटचं गणित सोपं आहे. स्ट्रिंग दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, स्ट्रिंग आणि फ्रेटमध्ये जेमतेम केसभर फट हवी. माझ्याकडे व्हिजिटिंग कार्ड आरामात जात होतं. खाचा एवढ्या उंच असल्या की पहिल्या फ्रेटवर दाबताना स्ट्रिंग जास्त ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून ओपन स्ट्रिंग बरोबर आणि कॉर्ड बेसूर. ब्रिजची बाजू कितीही खाली करा, नटपाशी जवळजवळ काही बदलत नाही.

शेवटी एका बँडवाल्या मित्राने कोथरूडमधला एक दादा सांगितला, घरीच कामं करतो. त्याने गिटार हातात घेऊन पहिल्यांदा हेच बघितलं, तिसऱ्या फ्रेटवर दाबून, तेव्हाच मला कळलं की काम होणार. प्रत्येक स्ट्रिंगच्या जाडीची वेगळी फाइल, दोन-चार हात मारायचे, स्ट्रिंग बसवून ट्यून करायची, बघायचं, परत काढायची. मला शेजारी बसवून. खाच जास्त खोल गेली तर ओपन स्ट्रिंगच पहिल्या फ्रेटवर झणझणते, मग बेकिंग सोडा आणि फेविक्विकने भरून परत कापायची नाहीतर नट नवीन. त्यामुळे घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नका. फाइल्सचा सेट हजारोंत जातो, एका गिटारसाठी घेण्यात अर्थ नाही.

हां, नटला फाइल लावायच्या आधी त्याने ट्रस रॉड (नेकच्या आतली, नेकचा बाक कमी-जास्त करणारी सळई) बघितला होता, हे सांगायचं राहिलं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या स्ट्रिंग दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबायचा आणि सातव्या-आठव्यापाशी फट मोजायची, साधारण ०.२५ मिमी. मोजायला फिलर गेज, नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, टॅपेट सेटिंगचा असतो तोच. रॉड एका वेळी पाव फेऱ्याच्या वर फिरवायचा नाही, आवळला की बाक कमी होतो. अडकतोय वाटलं तर थांबा. आणि चावी मापाचीच, इंची स्क्रूला मिलिमीटरची जवळपासची चावी घातली की डोकं गोल झालंच.

मग सॅडल परत वर घेतल्या, सतराव्या फ्रेटवर १.६ मिमीच्या आसपास, बझ गेला. एफ लागला तेव्हा मी तिथेच चार वेळा वाजवला, दादा हसत होता.

इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागावा म्हणून सॅडल पुढेमागे करणं, घरी करता येतं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (स्ट्रिंग न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळायला हवा, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे. पण जुन्या स्ट्रिंगवर करू नका, फुकट जातं. आणि सेटअपला देताना तुम्ही जी वापरणार त्याच गेजची (जाडीची) स्ट्रिंग लावून द्या, ०.००९ इंचावर सेट करून घेतली आणि नंतर ०.०१० चढवली तर ताण वाढून नेक पुढे वाकतो, ट्रेमोलोचा (दांडीने हलणारा) ब्रिज उचलला जातो, आणि परत त्या दादाकडे जावं लागतं. त्याच्याकडेही आता वेटिंग आहे, पण तो तारीख सांगतो आणि त्या तारखेला गिटार देतो.