परदेशाची पुस्तकं घेताना मी आधी भारताचं पान उघडते

मुलांना जगाची ओळख करून देणारी जाडजूड, गुळगुळीत कागदाची पुस्तकं हल्ली वाढदिवसाला फार येतात. एका पानावर एक देश. झेंडा, राजधानी, चलन, नाच, पोशाख, संपलं. असं पुस्तक कोणी आणून दिलं की मी जपान-ब्राझीलकडे जातच नाही, आधी भारताचं पान उघडते. तिथे बहुधा ताजमहाल असतो, हत्ती असतो आणि घागरा-ओढणीतली एक मुलगी हात जोडून उभी असते. माझ्याकडे येणाऱ्या पोरींमध्ये अशी एकही नाही. आपल्या पानावर ही तऱ्हा, तर ब्राझीलच्या पानावर कशाला विश्वास ठेवायचा?

मी कराडला असते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या बिल्डिंगच्या खालच्या रिकाम्या गाळ्यात रविवारी सकाळी मुलांना पुस्तकं देते. न्यायची, वाचायची, आणून द्यायची, दंड नाही. (दंड लावला की मुलं पुस्तक नाही, यायचंच थांबवतात.) कुठली पुस्तकं फाटेपर्यंत फिरतात आणि कुठली कोरी राहतात हे इथे लगेच कळतं. देशोदेशीच्या माहितीची पुस्तकं कोरी राहतात. फाटतात ती भलतीच, म्हणजे त्या त्या देशातल्या माणसाने आपल्या गोष्टी सांगायच्या म्हणून लिहिलेली, बाहेरच्यांना देश दाखवायचा असा विचारही मनात नसताना.

आमच्याकडे सगळ्यात फाटलेलं आहे ते ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागींचं हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. शिक्षक मंडळी ते शिक्षणावरचं पुस्तक म्हणून वाचतात, आणि ते आहेही. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा, पहिल्या दिवशी छोट्या तोत्तोचानचं बोलणं तासन् तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी, यावर बरंच लिहून झालंय. पोरांना मात्र त्यात जपान दिसतो.

जेवणाच्या डब्याचंच बघा. कोबायाशी पालकांना सांगत, डब्यात ‘काही समुद्रातलं आणि काही डोंगरातलं’ असू द्या. डोंगरातलं म्हणजे जमिनीवरचं, भाजीपाला काय आणि मांस काय. जेवणाच्या वेळी ते डबे बघत फिरायचे, सोबत त्यांच्या बायकोच्या हातात दोन भांडी. ज्याच्या डब्यात जे नसेल ते त्यातून वाढायचं. हे वाचून झाल्यावर आमच्याकडे वाद पेटला. चपाती आणि मटकीची उसळ, म्हणजे सगळं डोंगरातलंच. एक जण म्हणाला, आमच्यात सुकट असते, माझं झालं. शाकाहारी घरातल्या पोरांची पंचाईत. शेवटी पाचवीतल्या एका मुलीने तोडगा काढला: मीठ! जपानी जेवणावरचं एक सचित्र पान मी याआधी त्यांना दाखवलं होतं. त्यातला एक पदार्थ कोणाला आठवेल तर शपथ.

दुसरं प्रकरण संडासाचं. तोत्तोचानचं आवडतं पैशाचं पाकीट शाळेच्या संडासात पडतं आणि ती खालच्या टाकीचं झाकण काढून मोठ्या ओगराळ्याने सगळी घाण बाहेर उपसत बसते. मुख्याध्यापक येतात, बघतात आणि एवढंच विचारतात की झाल्यावर सगळं परत आत टाकशील ना? आमच्या पोरांची हसून पुरेवाट झाली, पण त्याहून जास्त त्यांना धक्का बसला. जपान म्हणजे त्यांच्या लेखी बुलेट ट्रेन आणि रोबो. टोकियोत असा संडास? मग मी सांगितलं की पहिली बुलेट ट्रेन धावली १९६४ ला आणि ही गोष्ट आहे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. स्टेशनवर नाणं टाकून गोळ्या देणारं यंत्र आहे, पण युद्धामुळे त्यात गोळ्याच नाहीत, आणि तोत्तोचान तरीही रोज आशेने नाणं टाकून बघते, ते पानही मग पुन्हा वाचलं. १९४५ च्या बाँबहल्ल्यात ती शाळा जळाली. जळणाऱ्या शाळेकडे बघत कोबायाशी आपल्या मुलाला विचारतात, आता पुढची शाळा कशी काढायची?

सगळ्यात अवघड भाग मासाओचानचा. हा शेजारचा कोरियन मुलगा. एक दिवस तो तोत्तोचानवर ‘कोरियन!’ असं ओरडतो. घरी आल्यावर तिची आई तिला समजावते की लोक त्याला हाच शब्द इतक्या वेळा वाईट सुरात बोललेत, की त्याला ती शिवीच वाटते. मी मुलांना सांगितलं की १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं. सातवीतला एक मुलगा म्हणाला, आमच्या वर्गात हंगामात कोपीवरची पोरं येतात, त्यांना ‘ए कोपीवाल्या’च म्हणतात, नावाने कोणी हाक मारत नाही. (ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांची पोरं. कारखाने सुरू झाले की ती इथे असतात.) पुढे त्याने काय केलं मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पण कुठल्याही देशाचं कौतुकाचं पान हे दाखवणार नाही. तिथे किमोनो असतो, फुजी पर्वत असतो, मासाओचान नसतो.

‘हायडी’चंही असंच. योहाना श्पिरी स्विस, पुस्तक १८८० च्या सुमाराचं. मोठी माणसं ‘आल्प्सचं सुंदर वर्णन’ म्हणतात. वर्णनाची पानं पोरं उडवतात. एकाच्या घरी शेरडं आहेत, त्याने मात्र पेटरची चौकशी केली. सकाळी अख्ख्या गावाच्या शेळ्या गोळा करून वर चरायला न्यायच्या, हे त्याला पटलं. पण त्याचे पैसे कोण देतं आणि किती? दुसरी गोष्ट पावाची. पेटरच्या आंधळ्या आजीला काळा कडक पाव चावत नाही, म्हणून फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरात राहणारी हायडी जेवणातले मऊ पांढरे पाव कपाटात लपवून ठेवते. युरोपातही दातांवाचून अडलेली गरीब म्हातारी असते, ही माहिती पोरांना नवी होती.

आता माझ्याच मताविरुद्ध जाणारं पुस्तक सांगते. डेबोरा एलिस कॅनडाच्या. काबूलमधल्या अकरा वर्षांच्या परवानाची गोष्ट त्यांनी २००० साली लिहिली, ‘द ब्रेडविनर’. मराठीतही ती आली आहे. तालिबानच्या राज्यात वडिलांना पकडून नेलं, बाईने एकटीने बाहेर पडायचं नाही, मग घर कोण चालवणार? परवाना केस कापून मुलगा होते आणि बाजारात बसून लोकांची पत्रं वाचून देते. लेखिका बाहेरची, पण तिने पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये जाऊन अफगाण बायकांशी बोलून लिहिलं, आणि ते दिसतं. कबरस्तानातली हाडं उकरून विकायचा प्रसंग घरी बसून सुचणारा नाही. सहावीच्या खालच्यांना मात्र मी हे देत नाही, आयांनी कितीही आग्रह केला तरी.

तर फळीवर जपान आहे, स्वित्झर्लंड आहे, अफगाणिस्तान आहे, अमेरिका तर बक्कळ. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ यांतलं एकही नाही. परवा एकाने क्रिकेट बघून आल्यावर विचारलं, लाहोरच्या पोराचं पुस्तक आहे का? मी नाही म्हटलं, आणि माझं मलाच नवल वाटलं की एवढ्या वर्षांत मी शोधलंच नव्हतं. तुमच्यापैकी कोणाला तिथल्याच लेखकाने तिथल्या मुलांसाठी लिहिलेलं, पाचवी-सहावीला झेपेल असं पुस्तक माहीत असेल तर खाली लिहा. मराठी असेल तर उत्तमच, सोपं हिंदी किंवा इंग्रजी असलं तरी मी वाचून दाखवीन. लोककथा नकोत, त्या आहेत. आजच्या शाळेत जाणारं, मार खाणारं, भांडणारं पोर हवं. पुस्तकाचे आणि पोस्टाचे पैसे मी देईन.