पायपुसण्यावरची अक्षरे

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स शहरात, एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, पाऊस थांबण्याची वाट पाहत उभी असताना, भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेले एक पायपुसणे मला दिसले. बर्फावर उभे असलेले पांढरे अस्वल आणि मागे गडद निळे पाणी, एवढेच त्यावरचे चित्र होते.

या भागातल्या कोळ्यांच्या बायका उन्हाळाभर कॉड मासा खारवण्यात आणि वाळवण्यात गुंतलेल्या असत, आणि समुद्र गोठला की फेब्रुवारी-मार्चमध्ये चौकटीवर ताणलेल्या गोणपाटासमोर बसत. वाकवलेला खिळा लाकडी मुठीत ठोकून केलेली आकडी गोणपाटात वरून खुपसायची आणि खाली धरलेल्या चिंधीचा लहानसा फास वर ओढायचा. कोळ्यांवर उपचार करण्यासाठी १८९२ मध्ये इकडे आलेल्या डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल यांच्या मिशनने याच घरगुती कलेचा पुढे उद्योग केला. मिशनच्या उत्तम पायपुसण्यांत एका चौरस इंचात २०० पर्यंत फास असत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तर चिंध्यांसाठी जुने रेशमी मोजे पाठवा, असे मिशनचे आवाहनच निघाले. धागा सुटणे आणि धावणे यांना इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळे, ‘तुमचे मोजे धावू लागले तर त्यांना लॅब्राडोरकडे (म्हणजे मिशनचे काम चाले त्या शेजारच्या किनाऱ्याकडे) धावू द्या’, अशी ती कोटी होती. मला ती आवडली, हे कबूल करते.

मन मात्र गोणपाटापाशीच अडले. तिथे त्याला ‘ब्रिन’ म्हणतात. पण त्या काळी जगातला बहुतेक सगळा ताग बंगालातून जात असल्याने हे कापड मला परके वाटेना. आजोळी मागच्या दाराशी, साखरेचे पोते उसवून, चौघडी घालून आजीने दाभणाने शिवलेले पायपुसणे असे. पावसाळ्यात त्याला येणारा कुबट, ओला वास मला अजून आठवतो. पोत्यावर कारखान्याची निळी अक्षरे होती, आणि अक्षराला पाय लागला की नमस्कार करायचा, हे अंगात इतके मुरलेले होते की भिजून आल्यावरही मी त्यावरून उडी मारून थेट स्वयंपाकघरात चिखल नेत असे. शेवटी आजीने वैतागून टाके उसवले आणि अक्षरांची बाजू आत घालून ते पुन्हा शिवले. अजूनही ‘वेलकम’ लिहिलेले पायपुसणे मी घरात उलटेच घालते. पाहुणे काय समजायचे ते समजोत.

दुकानातल्या बाईंनी चौकट उतरवून मला मागची बाजू दाखवली. तिथे मिशनच्या उद्योगाच्या नावाची कापडी पट्टी शिवलेली होती. जिने ते हजारो फास ओढले, तिचे नाव मी चारही कडांशी शोधले. ते कुठेच नव्हते.

किंमत ऐकून मी आभार मानले. पाऊस थांबला होता. दुकानाच्या दाराशी रबराचे पायपुसणे होते, त्यावर दुकानाचे नाव ठळक अक्षरांत होते, आणि मी, या वयात, उडी मारली.