३३५ गोण्या सिमेंट आणि एक अट

दक्षिण कोरियातल्या पोहांगच्या योंगइल्दे किनाऱ्यावर संध्याकाळी उभं राहिलं की पाण्यापलीकडे पोस्कोचा पोलाद कारखाना दिव्यांनी उजळलेला दिसतो. याच कंपनीचा गाड्यांच्या पत्र्याचा कारखाना आपल्याकडे माणगावजवळ विळे-भागाडला आहे. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे इथलं दृश्य बघून बहुतेक वेळा म्हणतात, "ही माणसंच शिस्तीची, आपल्याला नाही जमायचं." हे पटत नाही. १९६० साली याच माणसांचं दरडोई उत्पन्न फिलिपिन्सपेक्षा कमी होतं. माणसं तीच राहिली, सरकारी मदत देण्याची रीत बदलली.

ही रीत सर्वात स्पष्ट दिसते ती खेड्यात. १९७०च्या हिवाळ्यात सरकारने साधारण ३३ हजार गावांना प्रत्येकी ३३५ गोण्या सिमेंट फुकट दिलं. अट अशी की घरटी वाटून घ्यायचं नाही, गावाच्या सामाईक कामालाच वापरायचं. कुठे रस्ता रुंद झाला, कुठे ओढ्यावर साकव झाला, कुठे विहीर बांधून निघाली, आणि बऱ्याच गावांत फारसं काहीच झालं नाही. दुसऱ्या खेपेला काम दाखवणारी सुमारे १६,६०० गावंच निवडली. त्यांना ५०० गोण्या आणि वर १ टन सळई मिळाली, बाकीच्यांना काही नाही. गळालेल्यांपैकी हजारो गावं मग स्वतःच्या खर्चाने कामाला लागली. मदत देणं कुठल्याही सरकारला जमतं. काम न करणाऱ्याची मदत थांबवणं फार थोड्यांना जमतं, आणि खरा फरक तिथेच पडतो.

उद्योगांनाही हाच नियम होता. १९६१मध्ये सत्ता बळकावल्यावर पार्क चुंग-हींच्या लष्करी राजवटीने बँका ताब्यात घेतल्या. १९६५च्या सुमारास साध्या कर्जाचं व्याज २६ टक्के होतं, निर्यातदाराला मात्र साडेसहा टक्के. परदेशी गिऱ्हाइकाचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे त्याच्या बँकेने दिलेली पैशांची हमी, बँकेत ठेवलं की त्यावर कर्ज मिळे. निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल विनाशुल्क येई. दर महिन्याला राष्ट्राध्यक्ष स्वतः बैठकीत आकडे बघत. यात निर्यातीची अटच का, हे समजून घ्यायला हवं. परदेशातल्या गिऱ्हाइकापुढे वशिला चालत नाही. शिवण उसवली तर माल परत येतो. कारखाना चांगला चाललाय का, हे ठरवायला सरकारी तपासनीस लागतच नाही. १९६४मध्ये १० कोटी डॉलरवर असलेली निर्यात १९७७मध्ये १,००० कोटींवर पोचली. फिलिपिन्सनेही आपल्या कारखान्यांना संरक्षण दिलं होतं, पण घरच्याच बाजारात विकण्यासाठी. तिथे माल सुमार असला तरी खपत राहिला.

मग इतकी कडक अट कोरियाला घालता कशी आली? माझ्या मते उत्तर जमिनीत आहे. कोरियात १९५०मध्ये शेतजमिनीची कमाल मर्यादा सुमारे ३ हेक्टर, म्हणजे साडेसात एकर झाली. कुळाने एका वर्षाच्या पिकाच्या दीडपट किंमत फेडायची, दरसाल ३० टक्के अशी पाच वर्षं. जमीनदारांना रोखे दिले आणि कोरियन युद्धातल्या महागाईत ते मातीमोल झाले. कुळकायदा पाहिलेल्या घरांना अशा बदलाचा अर्थ सांगायला नको. सरकारचा हात धरू शकेल असा बडा जमीनदारच उरला नाही, आणि जमीन स्वतःची झाल्यावर शेतकऱ्याची मुलं शाळेत गेली. फिलिपिन्समध्ये १९७२चा जमीन सुधारणेचा हुकूम फक्त भात आणि मक्याच्या जमिनींना लागू होता. उसाचे आणि नारळाचे मोठे मळे सुटले, आणि मळेवाल्या घराण्यांचा राजकारणातला जोरही तसाच राहिला.

या चढत्या आलेखाखाली माणसं भरडली गेली, तेही लिहायलाच हवं. राजधानी सोलच्या प्योंगह्वा बाजारात, ताठ उभंही राहता येणार नाही अशा बुटक्या माळ्यांवर, कोवळ्या मुली रोज चौदा-चौदा तास शिवणकाम करत. कामगार कायदा कागदावर होता, पण तो पाळण्याची अट मालकांना कुणी घातली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी चॉन तेइल या २२ वर्षांच्या कापड बेतणाऱ्या कारागिराने त्या कायद्याच्या पुस्तकासह स्वतःला पेटवून घेतलं. "आम्ही यंत्रं नाही," हे त्याचे शब्द. चोंग्ग्येचॉन ओढ्यावरच्या पुलावर त्याचा पुतळा आहे. पोहांगचे दिवे बघायला येणाऱ्यांनी सोलला थांबून तिथेही जावं.