आमची वाटचाल: टिंब सोडलं तिथून

इंदूरला रामबागेतल्या घराच्या मागच्या खोलीत, एक सोल्डरिंग आयर्न आणि वडिलांचं जुनं मल्टिमीटर एवढ्यावर आमचं काम सुरू झालं. महाराणी रोडवरून सुटे भाग आणायचे आणि शेतीपंपांच्या स्टार-डेल्टा स्टार्टरसाठी (मोटर आधी कमी दाबावर, म्हणजे स्टारमध्ये सुरू करून काही सेकंदांनी पूर्ण दाबावर, म्हणजे डेल्टावर नेणारा) टायमर कार्डं बनवायची. आज सांवेर रोडवर शेड आहे, नऊ माणसं आहेत. मधली वर्षं कष्टाची गेली, ती कुणाची जात नाहीत? पण कामाला खरं वळण लागलं ते साठ कार्डं परत आली तेव्हा.

"स्टारमधून डेल्टावर जातच नाही हो, मोटर तापतेय," असा देवासहून फोन आला. कार्ड खोलून बसलो. ५५५ या टायमर चिपच्या या सर्किटमध्ये वेळ म्हणजे १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. १ मेगओम आणि ४.७ मायक्रोफॅरड घेतले की साधारण ५ सेकंद. आमच्या कार्डावर कपॅसिटर होता ४७ चा, म्हणजे ५२ सेकंद! सर्किटचा कागद झेरॉक्सचीही झेरॉक्स होता, त्यात दशांशाचं टिंब उडालं होतं. जोडणाऱ्या ताईंची काहीच चूक नव्हती. रेझिस्टर-कपॅसिटरच्या या आकड्यांची मालिका दर दहापटीला तशीच फिरून येते: १०, १५, २२, ३३, ४७, ६८. टिंब हरवलं तरी हाती येतो तो बाजारात मिळणारा खराखुरा भाग, मग शंका यावी कुणाला?

साठही कार्डं बदलून दिली. त्या दिवाळीला बोनस देता आला नाही, ते अजून सलतं.

तेव्हापासून आमच्याकडे टिंब बंद. त्याच्या जागी एककाचं अक्षर: ४.७ किलोओम म्हणजे ४के७, ४.७ मायक्रो म्हणजे ४यू७, ०.४७ ओम म्हणजे आर४७. पद्धत आमची नाही, आयईसी ६००६२ या आंतरराष्ट्रीय मानकातली आहे. झेरॉक्स कितीही पुसट येवो, एवढं मोठं अक्षर उडून जात नाही.

के मात्र सगळीकडे किलो नव्हे. सिरॅमिक कपॅसिटरवर १०४के छापलेलं असतं. ते १० वर चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये (मायक्रोचा दहा लाखावा भाग), म्हणजे ०.१ मायक्रो. आणि के म्हणजे १० टक्के कमी-जास्त. नवीन मुलगा आला की हातात सोल्डर देण्याआधी त्याला सुट्या भागांच्या खणांसमोर उभं करून हेच वाचायला लावतो.

ग्राहकांचे कागद अजून टिंबांचेच येतात. भाव सांगण्याआधी आम्ही ते आमच्या पद्धतीने पुन्हा काढतो, त्यावर त्यांची सही घेतो. अर्धा दिवस जातो. त्याचे पैसे लावत नाही.