तीस लिटरच्या केगमधून किती मग बिअर?

ऐरोलीत बारचं काऊंटर मी सांभाळतो. शुक्रवारी आयटीवाल्यांचा मोठा ग्रुप बुकिंग करतो तेव्हा पहिला प्रश्न हाच: एक केग, म्हणजे बिअरचं धातूचं पिंप, पुरेल का?

कागदावर सोपं आहे. ३० लिटरमधून अर्ध्या लिटरचे ६० मग, ३३० मिलीचे ९० ग्लास. ५० लिटरच्या केगमधून १०० मग. पण फेस आणि पाइपातली बिअर वजा होतेच, म्हणून मी ३० लिटरमागे ५५ मगच धरतो.

खरा खेळ थंडाव्याचा. बिअर गरम झाली की तिच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि नळातून नुसता फेस येतो. टेम्पोतून हिंदकळत आलेला केग लगेच लावू नये. बाहेरून गार लागला तरी आतली बिअर गरमच असते. रात्रभर कोल्डरूममध्ये राहू द्यावा. नवीन पोरं फेस दिसला की नळ अर्धा बंद करतात, त्यानं तो आणखी वाढतो. नळ पूर्ण उघडायचा, ग्लास तिरका धरायचा आणि भरत आला की सरळ करायचा. वर दोन बोटं फेस मात्र हवाच, वास त्यातूनच येतो. तो काढून टाका म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दर वेळी हे समजावतो.