तुम्ही विचारलंत म्हणून : आता उशीर झाला का?

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी ३१ वर्षं मानसशास्त्र शिकवलं. त्यामुळे लग्नाची पंगत असो की एस.टी.ची रांग, ओळख निघाली की थोड्या वेळाने समोरचं माणूस आवाज खाली आणून काहीतरी विचारतंच. कुणी म्हणतं, "मॅडम, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, ते खरं का हो?" कुणी म्हणतं, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तुमचं शास्त्र काय सांगतं?" पाच मिनिटं बोलत राहिलं की खरा प्रश्न बाहेर येतो. आता उशीर झाला का? अडीच वर्षांच्या मुलाची आई हेच विचारते, बारावीला बसलेलीच नाहीत अशा मुलांचे वडील विचारतात, आणि सत्तरीतल्या बाईलाही हेच विचारायचं असतं. तिघांना एकच उत्तर देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या आईविषयी. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक सून मुलाला कडेवर घेऊन आली. मूल हसरं, अंगाने चांगलं, पण अडीच वर्षं झाली तरी एक शब्द नाही. पाणी हवं असलं की आईचं बोट धरून माठाकडे न्यायचं. घरात सगळे म्हणत होते, याचा बापही उशिराच बोलला, वेखंड उगाळून चाटव, बोलेल. मी म्हटलं, "अगं, वाट बघू नकोस. आधी त्याचे कान तपासून घे." ज्याला नीट ऐकूच येत नाही, त्याच्याकडे बोलायला शब्द येणार कुठून? बेरा नावाची तपासणी असते. मूल झोपलेलं असताना डोक्याला वायरी लावून करतात, दुखत नाही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा डॉक्टरांचं पथक येतं, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून तो सुरू झाला. पथकाला दाखवलं तर ते चिठ्ठी देऊन पुढच्या तपासणीला पाठवतात, खर्चही पडत नाही. "उशीर कधीच होत नसतो" हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण या वयाला ते लावलं की वाया जातात ते मुलाचे महिने. म्हणून अशा आईला मी धीर नंतर देते, आधी पत्ता देते.

लहान वयाचं मोल किती, हे मला रोमानियाच्या अनाथालयांनी शिकवलं. लोकसंख्या वाढावी म्हणून तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या सरकारने १९६६ मध्ये तिथे गर्भपातावर बंदी आणली. पोसता न येणारी मुलं सरकारी अनाथालयांत भरत गेली. १९८९ च्या अखेरीस ते सरकार पडलं तेव्हा जगाला ती दिसली : पाळण्यांच्या रांगाच्या रांगा, दूध वेळेवर, पण उचलून घ्यायला कुणी नाही. २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन संशोधकांनी बुखारेस्टमधल्या १३६ बाळांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी मुलं त्यांनी सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली. जी साधारण दोन वर्षांची व्हायच्या आत कुणाच्या तरी घरी गेली, त्यांची बुद्धी आणि माया लावून घ्यायची ताकद पुष्कळ सावरली. जी नंतर गेली त्यांनाही घराचा उपयोग झाला, पण या दोन बाबतींत तेवढा नाही. बाकीची निम्मी मुलं सुरुवातीला तरी अनाथालयातच राहिली, हे सांगताना वर्गात दरवर्षी माझा आवाज अडखळायचा. अभ्यास मोलाचा आहे, तरी ते ओझं माझ्या मनावरून अजून उतरलेलं नाही.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे पाळण्यातच सगळं ठरलं. तसं म्हणायची घाई करू नका. पाळण्यात स्वभावाचा कल दिसतो, एवढं खरं. एक बाळ किरकिरं असतं, एक नव्या माणसाला बुजतं, एक कुणाकडेही जातं. पण किरकिऱ्या बाळाचं पुढे काय होणार हे नुसत्या त्याच्या किरकिरीवर ठरत नाही. त्या किरकिरीशी घरातल्या मोठ्यांचं कसं जमतं, यावर बरंच ठरतं.

आणि हे ठरणं किती लांबवर चालू राहतं, ते बघायचं तर हवाई बेटांमधल्या कवाईकडे बघावं लागतं. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघी मानसशास्त्रज्ञांनी तिथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांची नोंद ठेवली, तीही त्यांच्या जन्माआधीपासून ती चाळिशीत येईपर्यंत. मला या कामाबद्दल फार आदर आहे. माणसाबद्दल पटकन मत बनवणं सोपं, चाळीस वर्षं पुन्हा पुन्हा त्याच्या दारात जाऊन "आता कसं चाललंय?" विचारणं कठीण. यातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला सुरुवातीलाच बरंच काही एकत्र आलं होतं : गरिबी, बाळंतपणातली गुंतागुंत, घरात दारू, भांडणं किंवा मानसिक आजार. त्यातल्या दर तिघांपैकी दोघांना दहाव्या किंवा अठराव्या वर्षापर्यंत अभ्यासाच्या, वागण्याच्या मोठ्या अडचणी आल्या. उरलेली ७२ मुलं मात्र शहाणी, कामसू, दुसऱ्याची काळजी घेणारी निघाली. त्यांच्याजवळ काय होतं? काहींचा मुळातला स्वभाव गोड होता. काहींवर घरातली कामं लवकर पडली आणि ती त्यांना जमली. पण वर्नर बाईंनी ठळकपणे मांडलं ते हे की त्यांना एक तरी खात्रीचं मोठं माणूस लाभलं होतं. ते आईवडीलच असले पाहिजेत असं नव्हतं. कुणाची आजी, कुणाची थोरली बहीण, कुणाचे शिक्षक, कुणाची शेजारीण.

हा अभ्यास अठराव्या वर्षी थांबला असता, तर त्या अडचणीतल्या मुलांवर कायमचा शिक्का बसला असता. दोघी थांबल्या नाहीत. चाळिशीपर्यंत गेल्यावर दिसलं, की कुमारवयात घसरलेल्यांपैकी बहुतेक सावरले होते. कुणी मोठेपणी पुन्हा शिकायला गेलं, कुणी सैन्यात गेलं, कुणाला स्थिर मनाचा जोडीदार मिळाला, कुणी जिवावरच्या दुखण्यातून उठलं आणि तिथून वेगळं जगू लागलं.

हे मी पुस्तकातून शिकवत होते तेव्हा माझ्याच वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा होता. वडील दारूपायी गेले, आई माहेरी. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी लाल शाईने "अनियमित" लिहिलं आणि त्याला मनातून सोडून दिलं. त्याने कॉलेज अर्धवट टाकलं. पंधरा-सोळा वर्षांनी तो दारात उभा, हात ग्रीसने काळे, स्वतःचं गॅरेज. त्याला मुक्त विद्यापीठात नाव घालायचं होतं आणि कॉलेजचा जुना दाखला काढून देणारं ओळखीचं कुणीतरी हवं होतं. मी त्याला चहा केला आणि विचारलं, "मधल्या काळात तुला कुणी सांभाळलं रे?" तो म्हणाला, "आत्याने. मी कुठून आलो, काय करून आलो, कधी विचारलं नाही. फक्त डबा भरून ठेवायची." मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकहून चालतं. दुसऱ्या संधीला सरकारी दार असावं लागतं, हे माझं ठाम मत आहे. पण त्या दारापर्यंत माणूस जिवंत मनाने पोचला, तो आत्याच्या डब्यामुळे. मी त्याच्यासाठी काही केलं नव्हतं. आज मी शिकवत असते, तर लाल शाई बाजूला ठेवून आधी त्या आत्याला भेटायला गेले असते.

बारावीला न बसलेल्या मुलांच्या वडिलांना मी फार थोडं सांगते. आपल्या भाषेत गद्धेपंचविशी हा शब्द उगीच आलेला नाही. मागचापुढचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. शिवाय या वयात मित्र शेजारी असले की धोका पत्करणं वाढतं. अमेरिकेत २००५ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात संगणकावर गाडी चालवायला दिली, तर कुमारवयीन मुलं मित्रांसमोर जास्त बेफाम चालवत होती. चोविशीपुढच्यांमध्ये तो फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणून बोलायचं ते मित्रांदेखत नको. दोघंच असताना, शक्यतो काहीतरी काम करता करता बोला, आणि मुलाचं ऐकायचीही तयारी ठेवा.

आता सत्तरीतल्या बाई. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण कुणी म्हटली की मला राग येतो. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाई यांनी अमेरिकेतल्या सिएटलमध्ये १९५६ पासून दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासलं. झटपट काम करायचा वेग तरुणपणापासूनच कमी होत जातो, हे खरं. पण शब्दांची समज आणि तर्क मध्यमवयातही चढते असतात आणि साठीपर्यंत चांगले टिकतात. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकारी शेरी विलिस यांनी चौसष्टीपुढच्या, घसरण सुरू झालेल्या काही जणांना फक्त पाच तासांचा सराव दिला. त्यातले सुमारे चाळीस टक्के लोक चौदा वर्षांपूर्वी होते त्या पातळीवर परत आले.

हे आकडे मी आईला कधी सांगितले नाहीत. बाबा गेले तेव्हा ती ६४ वर्षांची होती आणि बँकेच्या पायऱ्या तिने एकटीने कधी चढल्या नव्हत्या. मी म्हटलं, "आई, मी करते सगळं." ती म्हणाली, "तू दाखव. करते मी." तिने शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं : कार्ड घालणे, नावाची बाजू वर. मराठी दाबणे. घाई करू नये, मागे माणूस असला तरी. सगळे व्यवहार शिकायचा हट्ट तिने धरला नाही. पेन्शन काढणे आणि पासबुक भरून घेणे, एवढी दोनच कामं निवडली. गर्दी नसते म्हणून अकराच्या सुमाराला जायची, आणि आदल्या रात्री वही वाचून झोपायची.

पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन ऐंशीच्या घरात असताना कसे वाजवत, हे मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस उदाहरण म्हणून सांगत. मोजक्याच रचना घ्यायच्या, त्यांचा सराव वाढवायचा आणि जलद भागाच्या आधी थोडं संथ व्हायचं, म्हणजे पुढचा भाग जलद भासतो. मी हे वर्गात शिकवून घरी यायचे, तर आई ओट्याशी उभी राहून वहीतलं पान वाचत असायची.

ती आता ८१ ची आहे. वही तिसरी चालू आहे. गेल्या आठवड्यात सहज उघडली, तर शेवटच्या लिहिलेल्या पानावर थरथरत्या अक्षरात होतं : लाइट बिल मोबाईलवरून. नात रविवारी येईल तेव्हा दोनदा करून घेणे, तिसऱ्यांदा स्वतः.