एम-थ्रीच्या सिलॅबसवर शिक्का : जर्मनीत डेटा सायन्सला प्रवेश घेतानाचा माझा अनुभव

माझ्या मार्कलिस्टवर 'स्टॅटिस्टिक्स' हा शब्द कुठेच नाही. बीई आयटीच्या चार वर्षांत प्रॉबेबिलिटी शिकले, कोरिलेशन-रिग्रेशनची गणितं सोडवली. पण ते सगळं ज्या पेपरात होतं त्याचं नाव 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स ३', म्हणजे आपला एम-थ्री. जर्मनीत बसून अर्ज तपासणाऱ्याला एम-थ्रीच्या पोटात काय काय असतं हे कळणार कसं? एवढ्या एका गोष्टीपायी माझे अडीच महिने गेले. आता इथे जर्मनीत माझं दुसरं सेमिस्टर चालू आहे, तरी कॉलेजातली ती शिक्क्याची खिडकी आठवली की अजून डोकं तापतं.

इथल्या बहुतेक डेटा सायन्सच्या मास्टर्सना अट असते, की पदवीत गणित-स्टॅटिस्टिक्सचे इतके आणि प्रोग्रामिंगचे इतके क्रेडिट हवेत. हे क्रेडिट म्हणजे ईसीटीएस, युरोपात अभ्यास मोजायचं माप. एक ईसीटीएस म्हणजे अभ्यासाचे २५ ते ३० तास, सेमिस्टरला ३०, दोन वर्षांच्या मास्टर्सला १२०. आपले क्रेडिट या हिशेबात सरळ बसत नाहीत. म्हणून कोणत्या पेपरात, कोणत्या युनिटमध्ये, किती तास काय शिकवलं हे सिलॅबससकट दाखवावं लागतं. मला ज्या कोर्सला जायचं होतं त्यांना तो सिलॅबस साक्षांकित हवा होता आणि शेवटची तारीख होती ३१ मे.

मी पुण्यात नोकरीला, कॉलेज एसटीने चार तासांवर आणि विद्यापीठ तिसऱ्याच शहरात. फेब्रुवारीत सिलॅबसच्या ७४ पानांची प्रिंट काढली, स्पायरल बाइंडिंग केलं आणि सुट्टी टाकून कॉलेज गाठलं. खिडकीवरच्या मॅडमनी वही उघडलीसुद्धा नाही. "आम्ही फक्त मार्कलिस्टवर शिक्का मारतो. सिलॅबस विद्यापीठाचा आहे, तिकडे जा." पुढच्या आठवड्यात विद्यापीठात गेले. तिथे उत्तर, "सिलॅबस वेबसाईटवर आहेच, त्याला शिक्का कशाला? आणि हवाच असेल तर कॉलेजचं पत्र आणा." पत्रासाठी परत कॉलेज. प्राचार्य कमिटीच्या गडबडीत, पत्र मिळायला सोळा दिवस. ते घेऊन विद्यापीठात गेले तर म्हणे पत्र परीक्षा विभागाच्या नावाने हवं होतं. परीक्षा विभाग म्हणाला, हे आमचं काम नाही, शैक्षणिक विभागात द्या. शैक्षणिक विभागातले साहेब जेवायला गेलेले. चारपर्यंत बाकावर बसले, मग कळलं की ते आज येणारच नाहीत.

कोणी सरळ 'नाही' म्हटलं असतं, तर मला त्याचं इतकं वाईट वाटलं नसतं. पण 'नाही' कोणी लिहून देत नव्हतं आणि 'हो'ही कोणी म्हणत नव्हतं. प्रत्येक जण मला फक्त पुढच्या टेबलाकडे ढकलत होता. आणि माझ्या रजा संपत होत्या.

त्या दिवशी एसटी स्टँडवर बसून मी जर्मनीतल्या प्रवेश कार्यालयालाच मेल केला. सरळ विचारलं, विद्यापीठाचा शिक्का मिळत नाहीये, विभागप्रमुखांची सही आणि विभागाचा शिक्का चालेल का? दोन दिवसांत दोन ओळींचं उत्तर आलं, चालेल. हे मी फेब्रुवारीतच विचारायला हवं होतं. तुम्ही घराबाहेर पडायच्या आधी विचारा, आणि आलेल्या उत्तराची प्रिंट खिशात ठेवा. सगळ्याच विद्यापीठांना हे चालेल असं नाही, त्यामुळे ज्याला-त्याला वेगळं विचारा.

ती प्रिंट घेऊन एचओडी सरांकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे गेले. त्यांच्या प्रॅक्टिकलच्या व्हायवा चालू होत्या. एक मुलगा उठून दुसरा येईपर्यंत सर दोन-तीन पानांवर सह्या करायचे. शिक्क्याचं पॅड कोरडं पडलेलं, पहिल्या चार पानांवर नुसती अर्धी गोल रेघ उमटली. शिपाई मामांनी कुठूनशी शाईची बाटली आणली, पॅडवर ओतली आणि स्वतः एकेक पान पुढे धरून शिक्का मारून दिला. सगळी ७४ पानं लागलीच नाहीत, हव्या त्या पेपरांची २३ पानं पुरली. शिवाय सरांनी लेटरहेडवर एक तक्ता दिला, त्यात पेपर, युनिट आणि तास. 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स ३' समोर स्पष्ट लिहिलं, स्टॅटिस्टिक्स आणि प्रॉबेबिलिटी. त्या ओळीकडे मी परतीच्या सगळ्या प्रवासात बघत होते. माझा अर्ज त्या तक्त्यामुळेच तरला असं मी ठामपणे म्हणेन.

बाकीचं सुरळीत झालं. आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत असं सांगणारं एपीएस प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी सक्तीचं आहे. त्याची फी १८,००० रुपये होती आणि तो अर्ज मी आधीच करून ठेवला होता. युनी-असिस्ट म्हणजे अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था, तिला पहिल्या अर्जाचे ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाचे ३०. ते स्वतःच शेवटच्या तारखेच्या आठ आठवडे आधी कागद पाठवा म्हणतात, मी दहा दिवस आधी पाठवले आणि झोप उडाली. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे व्हिसासाठी आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो भरावे लागले, त्यातले महिन्याला ९९२ आपल्याला मिळतात. बाबांनी एफडी मोडली तो दिवस मी विसरणार नाही.

हो, मार्कांचं राहिलं. जर्मनीत १ म्हणजे सर्वांत चांगलं आणि ४ म्हणजे काठावर पास. माझा सीजीपीए ७.६. दहातून ७.६ वजा केले की २.४, त्याला तीनने गुणायचं, सहाने भागायचं (१० कमाल, ४ पासिंग, म्हणून सहा) आणि एक मिळवायचा. आले २.२. या सूत्राला बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. फॉर्म भरण्याआधी स्वतः करून बघा, म्हणजे कुठे अर्ज करण्यात अर्थ आहे ते कळतं.

अजून एक. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव असतं, पासपोर्टवर तसं नसतं. सरांच्या पत्रात 'दोन्ही नावं एकाच विद्यार्थिनीची' हे वाक्य घालून घ्या, मी घेतलं होतं. आणि शिक्के मारायला बसलातच तर तीन संच करा.

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजातल्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. तिलाही खिडकीवरून विद्यापीठात पाठवलं होतं. तिला माझा तक्ता आणि मेलचा मसुदा पाठवला, आणि खिडकीवर न जाता सरळ सरांच्या केबिनमध्ये जा म्हटलं. तिला एक फेरी पुरली.